श्रीजेशनंतरचा भारतीय बचाव: पहिल्या दिवशी फसणारा, दुसऱ्या दिवशी सावरणारा

८ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये स्पेनला २-१ असे हरवून भारतीय पुरुष हॉकी संघाने सलग दुसरे ऑलिंपिक कांस्यपदक पटकावले आणि त्याच सामन्याबरोबर गोलरक्षक पी. आर. श्रीजेशची आंतरराष्ट्रीय कारकीर्द संपली. २००६ साली भारतीय संघात आलेला आणि चार ऑलिंपिक खेळलेला हा खेळाडू गेल्यावर हॉकी इंडियाने वरिष्ठ संघातील १६ क्रमांकाची जर्सी निवृत्त केली. तो गोलपोस्टसमोर उभा राहून जे काम करीत होता ते पुढे कोणी आणि कसे सांभाळले, याचा हिशेब मात्र गौरव समारंभांच्या गडबडीत मागे राहिला. पॅरिसनंतरच्या हंगामापासून २०२५ च्या अखेरपर्यंतच्या सामन्यांवरून आशियाई विजेत्या भारताच्या बचावाचे हे परीक्षण आहे. निष्कर्ष आधीच सांगायचा तर चेंडू अडवण्याच्या कौशल्यात हा बचाव लोक समजतात तितका घसरलेला नाही, पण सामना चालू असतानाच स्वतःला दुरुस्त करून घेण्याची त्याची क्षमता बरीच कमी झाली आहे.

हे परीक्षण करणे शक्य होते याचे कारण म्हणजे पॅरिसला गेलेल्या बचावफळीत बदल जवळजवळ झालेलाच नाही. हरमनप्रीत सिंग, अमित रोहिदास, जर्मनप्रीत सिंग, सुमित आणि संजय हे पाचही जण २०२५ च्या आशिया करंडकात होते आणि त्यांच्या जोडीला जुगराज सिंग आला. प्रशिक्षकही तेच, म्हणजे क्रेग फुल्टन, आणि ‘आधी बचाव, त्यातून विजय’ ही त्यांची धारणाही तीच. एरवी एखादा ज्येष्ठ खेळाडू निवृत्त होतो तेव्हा त्याच्यासोबत आणखी दोघे-तिघे जातात, प्रशिक्षक बदलतो, खेळण्याची पद्धत बदलते आणि नेमके काय बिघडले हे कळेनासे होते. येथे बदलला तो बव्हंशी एकच माणूस. त्यामुळे जो फरक दिसतो त्याचा बराचसा संबंध त्या एका माणसाच्या जाण्याशी लावता येतो.

आकड्यांपासून सुरुवात करू. पॅरिसमध्ये भारताने आठ सामन्यांत १२ गोल स्वीकारले आणि एकाही प्रतिस्पर्ध्याला तीनपेक्षा अधिक गोल करू दिले नाहीत. श्रीजेश गेल्यानंतर फेब्रुवारी २०२५ मध्ये भुवनेश्वरला प्रो लीग या आघाडीच्या राष्ट्रीय संघांच्या साखळी स्पर्धेचे आठ सामने झाले. स्पेन, जर्मनी, आयर्लंड आणि इंग्लंड यांच्याविरुद्ध प्रत्येकी दोन. त्यांतही स्वीकारलेले गोल बरोबर १२ होते. एवढ्यावरच थांबलो तर काही हरवलेच नाही असे म्हणावे लागेल, आणि त्या वेळी अनेकांनी तसे म्हटलेही. त्याआधी सप्टेंबर २०२४ मध्ये चीनमधील हुलुनबुइर येथे झालेल्या आशियाई चॅम्पियन्स करंडकात तर सात सामन्यांत केवळ पाच गोल झाले होते आणि अंतिम सामन्यात यजमान चीनला एकही गोल करता आला नव्हता. त्या सामन्यातला एकमेव गोल जुगराजचा, म्हणजे बचावपटूचाच, होता.

नंतर जून २०२५ मधला युरोपचा दौरा आला. नेदरलँड्स, अर्जेंटिना, ऑस्ट्रेलिया आणि बेल्जियम यांच्याशी पुन्हा आठच सामने झाले आणि या वेळी स्वीकारलेल्या गोलांची संख्या २६ वर गेली, म्हणजे दुपटीहून अधिक. प्रतिस्पर्धी तगडे होते हे मान्य. पण पॅरिसमध्येही ऑस्ट्रेलिया, बेल्जियम, जर्मनी आणि अर्जेंटिना होतेच. या दौऱ्यात आक्रमण कमी पडले असेही म्हणता येत नाही. पॅरिसच्या आठ सामन्यांत भारताने १५ गोल केले होते, युरोपातल्या आठ सामन्यांत १८ केले. पदक मिळवून देणाऱ्या आघाडीफळीपेक्षा अधिक गोल करूनही संघ ओळीने सात सामने हरला आणि नऊ संघांच्या लीगमध्ये आठव्या स्थानावर फेकला गेला. एखादी जागा आणखी खाली घसरली असती तर आयर्लंडऐवजी भारताला लीगमधून बाहेर पडावे लागले असते.

त्या सात पराभवांपैकी पहिले सहा एकेका गोलाने झाले: नेदरलँड्सशी १-२ आणि २-३, अर्जेंटिनाशी ३-४ आणि १-२, ऑस्ट्रेलियाशी दोनदा २-३. नेदरलँड्सविरुद्धच्या दोन्ही सामन्यांत निर्णायक गोल शेवटच्या पाच मिनिटांत झाला. दुबळा बचाव असा हरत नाही. तो पाच-सहा गोलांनी हरतो. हा बचाव ५५ मिनिटे बरोबरीने लढतो आणि नंतर कोणीतरी एक जण आपली जागा सोडतो, दुसरा त्याची जागा भरायला सरकत नाही, आणि गोलसमोरच्या ज्या वर्तुळातून गोल करता येतो त्याच्या कडेवर प्रतिस्पर्धी मोकळा सापडतो. सातव्या सामन्यात बेल्जियमने ६-३ असा दणका दिला तेव्हा मात्र ही एकेका गोलाची सबबही उरली नाही.

याच्या पुढे जे घडले ते मला या साऱ्या हिशेबातले सर्वांत बोलके वाटते. बेल्जियमकडून सहा गोल खाल्ल्यानंतर दुसऱ्याच दिवशी त्याच बेल्जियमला भारताने ४-३ असे हरवले. हा योगायोग म्हणून सोडून देता आला असता, पण मागचे निकाल काढून पाहिले की हीच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्लीत जर्मनीशी पहिला सामना ०-२ असा गमावला, दुसरा ५-३ असा जिंकला. भुवनेश्वरला स्पेनशी आधी १-३, मग २-०. जर्मनीशी आधी १-४, मग १-०. इंग्लंडशी आधी २-३, मग २-१. आशिया करंडकात राजगीरला चीनने साखळीत तीन गोल केले आणि भारत ४-३ असा कसाबसा सुटला. त्याच चीनला ‘सुपर फोर’मध्ये, म्हणजे साखळीनंतरच्या चार संघांच्या फेरीत, ७-० असे धुतले. कोरियाशी आधी २-२ अशी बरोबरी झाली, अंतिम सामन्यात ४-१ असा विजय मिळाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये इपोहच्या सुलतान अझलान शाह करंडकात बेल्जियमने साखळीत तीन गोल केले, तर अंतिम सामन्यात एकच; तो एक गोलही करंडक हिरावून घ्यायला पुरेसा ठरला हा भाग वेगळा. नेदरलँड्स आणि ऑस्ट्रेलियाविरुद्ध दुसऱ्या सामन्यातही निकाल सुधारला नाही, हे नमूद करायला हवे. तरीही एकूण कल स्पष्ट आहे: समोरचा संघ एकदा पाहिला, रात्री चित्रफितींवर चर्चा झाली, चुका दाखवल्या गेल्या, की हा बचाव दुसऱ्या भेटीत बऱ्याच अंशी वेगळा दिसतो.

म्हणजे खेळाडूंना शिकवलेले कळते आणि जमतेही. उणीव आहे ती शिकवणारा मैदानाबाहेर बसलेला असण्याची. श्रीजेश असताना ही दुरुस्ती मैदानावर, दोन मिनिटांत, त्याच्या आवाजात होत असे. हॉकीत गोलरक्षक हा असा एकमेव खेळाडू आहे की ज्याला संपूर्ण खेळ सतत समोरून दिसतो. बचावपटूची पाठ गोलकडे असते आणि त्याचे लक्ष चेंडूवर असते, त्यामुळे आपल्या मागून कोण धावत येत आहे हे त्याला कोणीतरी ओरडून सांगावे लागते. दूरचित्रवाणीवर सामना पाहतानाही मल्याळी वळणाच्या हिंदीतला तो आरडाओरडा ऐकू येत असे, आणि तो नुसता उत्साहाचा नव्हता. डावीकडे सरक, त्याला बाहेर ढकल, टॅकल करू नकोस नुसता अडवून धर, अशा नेमक्या सूचना त्यात असत. पॅरिसच्या उपांत्यपूर्व सामन्यात ग्रेट ब्रिटनविरुद्ध १७ व्या मिनिटाला रोहिदासला लाल कार्ड मिळाल्यावर भारत सुमारे ४३ मिनिटे दहा जणांनिशी खेळला, मधल्या फळीतले खेळाडू मागे आले, आणि एवढी उलथापालथ होऊनही नियमित वेळेत गोल एकच झाला. त्या ४३ मिनिटांत जे झाले तेच आजच्या बचावाला ११ जणांनिशी जमत नाही, असे कठोरपणे म्हणावेसे वाटते.

पेनल्टी कॉर्नरवर, म्हणजे बचाव करणाऱ्या संघाच्या वर्तुळातल्या नियमभंगाबद्दल प्रतिस्पर्ध्याला मिळणाऱ्या संधीच्या वेळी, हा फरक आणखी जवळून पाहता येतो. गोलरक्षक आणि चार बचावपटू गोलरेषेमागे उभे असतात, बाकीचे सहा जण मध्यरेषेपलीकडे. चेंडू आत ढकलला गेला की पहिला रशर, बहुतेक वेळा रोहिदास, मुखवटा आणि गुडघ्यांवर संरक्षक पट्ट्या चढवून थेट ड्रॅग-फ्लिकरच्या, म्हणजे चेंडू काठीने ओढून गोलकडे भिरकावणाऱ्या खेळाडूच्या, अंगावर धावत जातो आणि एक बाजू बंद करतो. ती बाजू कोणती हे आधीच ठरलेले असावे लागते, कारण उरलेली बाजू गोलरक्षकाने आणि पोस्टवरच्या खेळाडूने सांभाळायची असते. रोहिदासच्या धाडसाविषयी शंका घ्यायला जागा नाही. पॅरिसच्या उपांत्य सामन्यात निलंबनामुळे तो नव्हता आणि जर्मनीविरुद्ध २-३ अशा पराभवात त्याची उणीव जाणवली. पण पहिला फटका अडल्यानंतरचा जो उसळलेला चेंडू असतो त्यावर आता गोंधळ होतो. पॅड्सना लागून चेंडू बाहेर आला की तो कोणी उचलायचा हे श्रीजेश क्षणात ठरवत असे, आणि त्याचे पॅड्सही चेंडू शक्यतो गर्दीपासून दूर, बाजूच्या रेषेकडे जाईल अशा कोनात असत. आज चेंडू पॅड्सवरून समोरच पडतो आणि तीन काठ्या एकदम त्यावर येतात, हे दृश्य नको इतक्या वेळा दिसते.

म्हणून सारा दोष नव्या गोलरक्षकांच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. कृष्ण बहादूर पाठक २०१८ पासून संघाच्या परिघात आहे आणि श्रीजेशच्या सावलीत त्याने वर्षे काढली. त्याची प्रतिक्षिप्त चपळाई उत्तम आहे आणि एकास एक परिस्थितीत तो लवकर जमिनीवर लोळण घेत नाही, हा मोठा गुण. मुंबईचा सूरज करकेरा जागा धरून राहणारा, शांत गोलरक्षक आहे. जवळून मारलेल्या फटक्यांवर त्याचा अंदाज क्वचित चुकतो. दोघांच्या अडवण्यात फारसे काही खटकत नाही. खटकते ती व्यवस्था. दोघांत काम वाटून देण्याच्या धोरणामुळे दोघांनाही सामने मिळाले हे खरे, पण आवाज हा अधिकारातून येतो आणि आपण पुढच्या सामन्यात असू की नसू हे ज्याला ठाऊक नाही, तो कर्णधारावर ओरडेलच असे नाही. इपोहला तर अनुभवी खेळाडूंना विश्रांती देऊन संजयकडे नेतृत्व सोपवण्यात आले होते. प्रयोग म्हणून ते योग्यच होते, पण त्यातून गोलपोस्टसमोरचा प्रश्न सुटायला मदत झाली नाही.

हरमनप्रीतबद्दल दोन शब्द. पॅरिसमध्ये दहा गोल करून सर्वाधिक गोलांचा मानकरी ठरलेला हा कर्णधार बचावपटूही आहे याचा आपल्याला सोयीस्कर विसर पडतो. चेंडू पुढे फेकण्याची त्याची नजर अजोड आहे. मागे धावण्याचा त्याचा वेग मात्र पहिल्यापासूनच मध्यम होता आणि श्रीजेश त्याला दोन पावले आधी मागे बोलावून ते झाकून घेत असे. आता प्रतिहल्ल्यात त्याच्या बाजूने जागा सापडते हे युरोपातल्या संघांनी हेरले आहे. जर्मनप्रीत आणि सुमित ठीक आहेत. संजय या सर्वांत अधिक आश्वासक वाटतो, कारण तो चेंडू हिसकावण्याच्या हव्यासात तोल घालवत नाही.

मग हा बचाव घ्यावा की न घ्यावा? आशियाई स्पर्धांसाठी निःशंक घ्यावा. राजगीरला सात सामन्यांत नऊ गोल झाले, त्यांतले पाच पहिल्या दोन सामन्यांतच. पुढच्या पाच सामन्यांत मिळून चार. अंतिम सामन्यात कोरियाला ४-१ असे नमवून भारताने २०२६ च्या विश्वचषकाचे थेट तिकीट मिळवले. बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये ऑगस्टमध्ये होणाऱ्या त्या विश्वचषकासाठी मात्र मी या बचावाला पाचपैकी तीनच गुण देईन, आणि तेही साखळी फेरीपुरते. बाद फेरीत त्याच संघाशी दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळायची सोय नसते.

बरोबरीनंतर निकाल लावणाऱ्या शूटआउटचा मुद्दा वेगळा, पण तितकाच निकडीचा आहे. पॅरिसमध्ये ब्रिटनविरुद्ध भारत ४-२ असा जिंकला तो श्रीजेशमुळे. दिल्लीतली जर्मनीविरुद्धची मालिका बरोबरीत सुटल्यावर शूटआउट १-३ असे हातचे गेले. २३ मीटर रेषेवरून निघालेल्या खेळाडूला आठ सेकंदांत गोल करायचा असतो आणि गोलरक्षकाने त्याला ते आठ सेकंद नुसते खर्च करायला लावायचे असतात. हे कसब सरावाने येते आणि त्यासाठी शूटआउटचा गोलरक्षक आधीपासून ठरवलेला असावा लागतो. डिसेंबर २०२५ मध्ये कनिष्ठ विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व सामन्यात २-२ अशा बरोबरीनंतर भारताने बेल्जियमला शूटआउटमध्ये ४-३ असे हरवले तेव्हा गोलपोस्टसमोर प्रिन्सदीप सिंग होता आणि प्रशिक्षकांच्या बाकावर श्रीजेश. पुढे उपांत्य सामन्यात जर्मनीने पाच गोल केले, त्यामुळे या मुलाला लगेच डोक्यावर घेण्याचे कारण नाही. परंतु विश्वचषकाआधी प्रो लीगच्या काही सामन्यांत त्याला वरिष्ठ बचावफळीमागे उभे करावे, आणि पाठककडे पहिल्या गोलरक्षकाची जागा निःसंदिग्धपणे सोपवून त्याला कर्णधारासह सर्वांवर ओरडण्याची मुभा द्यावी. हे दोन निर्णय जितके लांबतील तितके या बचावाला दिलेले तीन गुणही टिकवणे कठीण जाईल.