पायमशीनला मोटर बसवली: गुडघे दुखणाऱ्या, पण शिवण न सोडणाऱ्यांसाठी

माझी उषाची पायमशीन लग्नानंतर घेतलेली. मुलांची झबली, परकर, शाळेचे गणवेश, सगळं तिच्यावर झालं. आता दोन्ही गुडघ्यांची झीज झाली आहे, वर मधुमेह. तासभर पॅडल मारलं की संध्याकाळी उजवा गुडघा सुजून यायचा. पायमशीन सगळ्यांच्याच गुडघ्यांना त्रास देते असं नाही, माझ्या थोरल्या जाऊबाई अजून आरामात चालवतात. मला मात्र सोसेना. म्हणून गेल्या वर्षी इथे साताऱ्यात मशीन दुरुस्तीवाल्या काकांकडून मोटर बसवून घेतली. फिटिंगसकट ₹1,800 पडले.

मोटर म्हणजे मुठीपेक्षा थोडा मोठा डबा. मशीनच्या मागच्या बाजूला, चाकाच्या खाली एक बोल्टचं भोक असतं, तिथे ती बसते. खूप जुन्या काही मशीनना हे भोक नसतं, तेव्हा घ्यायच्या आधी आपलं मशीन मागून बघून घ्या. खालच्या मोठ्या चाकावरचा चामड्याचा पट्टा काढतात आणि मोटरपासून वरच्या चाकावर छोटा रबरी पट्टा घालतात. हा पट्टा फार ताणून बसवू देऊ नका. बोटाने मधोमध दाबला तर थोडा आत गेला पाहिजे. ताण जास्त झाला की मोटर तापते. तेल नेहमीप्रमाणे मशीनला घालायचं, मोटरमध्ये थेंबही जाऊ द्यायचा नाही.

गुडघ्यासाठी म्हणाल तर फरक खरोखर मोठा आहे. दोन्ही पायांची ती सतत हलती लय गेली, एका पायाच्या चवड्याने नुसतं दाबायचं. उलटं पॅडल पडून दोरा तुटणं बंद झालं. फक्त काम भराभर होतं म्हणून माणूस बसूनच राहतं, आणि बसून राहिलं की गुडघा आखडतो. मी एक नेम केला आहे: बॉबिन संपली की उठायचं. स्वयंपाकघरापर्यंत जाऊन यायचं, पाणी प्यायचं, पलंगावर पाय सरळ करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि ती दाबून दहा आकडे मोजायचे. हा व्यायाम फिजिओथेरपीवाल्या ताईंनी शिकवला आहे. मग दुसरी बॉबिन.

आता ज्यांना मधुमेहामुळे तळपाय बधिर झाले आहेत त्यांनी पुढचं नीट वाचावं, कारण दुकानात हे कोणी सांगत नाही. मोटरचा वेग पायाखालच्या रेग्युलेटरवर असतो. किती दाबलं ते तळव्याला कळावं लागतं, आणि माझ्या तळव्याला ते धड कळत नाही. त्यात डॉक्टरांची ताकीद आहे, घरातसुद्धा अनवाणी फिरायचं नाही. एमसीआरची, म्हणजे मधुमेहींना देतात त्या मऊ रबराची चप्पल पायात असते, तिच्यातून तर काहीच उमगत नाही. सुरुवातीला मशीन एकदम सुसाट सुटायचं. काकांनी उपाय सुचवला आणि तो लागू पडला: रेग्युलेटरच्या मागे त्याच्याच उंचीची लाकडी फळी ठेवायची, टाच तिच्यावर पक्की टेकवायची आणि फक्त चवडा खाली न्यायचा. टाच हलत नसली की घोट्यावरून अंदाज येतो. शिवाय मी कानाने चालवते, मोटरचा आवाज चढला की पाय सैल. आमच्याकडे शहाबादी फरशी आहे, तिच्यावर रेग्युलेटर सरकायचा. खाली रबरी पायपुसणं घातलं, प्रश्न मिटला.

रेग्युलेटरवर पाय नुसता ठेवून विचार करत बसू नका. अर्धवट दाबलेला राहिला तर तो गरम होतो, आणि बधिर पायाला चटका उशिरा कळतो. टाचण्यांचंही तसंच. खाली पडलेली टाचणी चप्पल भेदून आत गेली तरी मला कळेलच असं नाही, म्हणून शिवण आवरलं की जमिनीवरून लोहचुंबक फिरवायचा. मे महिन्यात नातवंडं चिंचवडहून येतात तेव्हा हे काम धाकट्या नातवाकडे असतं. दोरीला चुंबक बांधून तो कपाटाखालपर्यंत फिरवतो आणि सापडलेल्या टाचण्या मोजून माझ्या डबीत टाकतो. तो घरात असेपर्यंत मी मशीनवरून उठताना बटण बंद करून थांबत नाही, पिन भिंतीतून काढूनच ठेवते. रेग्युलेटर जमिनीवर आणि मूल रांगोळीसारखं जमिनीवर पसरलेलं, एक पाय पडला की सुई चालू.

नात नऊ वर्षांची, तिला शिवायला शिकायचं होतं. "आजी, मोटरवर शिकव ना," म्हणाली. मी तिला मोटरवर बसवलं नाही. रबरी पट्टा काढला, जुना चामड्याचा पट्टा चढवला आणि शिवणक्लासात शिकवतात तसं बिनदोऱ्याने कागदावरच्या रेघांवर सुई चालवायला दिली. पायमशीनवर पाय थांबला की सुई लगेच थांबते, लहान हातांना तेच बरं. चार दिवसांत वळणावर कागद फिरवायला शिकली आणि जुन्या खणाच्या तुकड्याची पेन्सिलपिशवी शिवून घेऊन गेली. म्हणून सांगते, मोटर बसवली तरी जुना पट्टा टाकून देऊ नका. वळवाच्या पावसात दुपारी वीज गेली की तोच कामाला येतो.

गोधडी शिवणाऱ्यांनी मात्र या मोटरकडून फार अपेक्षा ठेवू नये. वरच्या थरासाठी जुन्या सुती साड्यांचे तुकडे जोडायचे असतील तर उत्तम, सोळा नंबरची सुई घालून मी ते काम मोटरवरच करते. पण आत दोन-तीन साड्या घालून सगळे थर एकत्र टाचायला गेलं की जोडांवर मोटर घोंघावते आणि सुई अडकते. तिथे जोर करायचा नाही. पाय काढून चाक हाताने फिरवून जोड ओलांडायचा, नाहीतर सरळ हाताने दोरा घालायचा. मी थरांना धावदोरा हातानेच घालते. रोज थोडा, दुपारच्या गोळ्या घेऊन झाल्यावर. हाताच्या दोऱ्याची गोधडी अंगावर मऊ पडते ती पडतेच, आणि नातवंडं तीच मागतात.

एक तक्रार आहे. मोटरसोबत आलेली पिन आमच्या बोर्डात ढिली बसायची आणि ठिणगी उडायची. दुकानदार म्हणाला, सगळ्यांचं असंच असतं. मी ऐकलं नाही, वायरमनकडून चांगली पिन लावून घेतली. तुम्हीही पहिल्याच दिवशी ते करून घ्या.

मोटरच्या आत कार्बनचे दोन छोटे ब्रश असतात, ते झिजतात. मोटर घेतानाच जास्तीची जोडी मागून ठेवा, स्वस्त मिळते. मी बॉबिनच्या डबीत ठेवली आहे. नवं छोटं इलेक्ट्रिक मशीन घ्यायला मुलगा आग्रह करत होता. ते हलकं असतं, उचलायला सोपं, ज्यांच्याकडे जुनं मशीन नाही त्यांनी जरूर बघावं. ज्यांच्या घरी लोखंडी मशीन चालू स्थितीत आहे त्यांनी आधी ही मोटर लावून बघावी.