घरच्या पॉवर पॅकसाठी लिथियम सेल कोणता घ्यावा : एक तुलनात्मक आढावा

वीज गेल्यावर वाय-फाय राउटर चालू ठेवण्यासाठी, गणपतीच्या मखरातील एलईडी पट्ट्यांसाठी किंवा कॉलेजच्या प्रकल्पासाठी बारा व्होल्टचा पॅक घरीच बनवायचे ठरले, की पहिला प्रश्न सेल कोणता घ्यायचा हाच असतो. लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे ग्रँट रोड स्थानकाजवळच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, चौकशी करणाऱ्यापुढे साधारणपणे चार पर्याय येतात : १८६५० आकाराचे लिथियम-आयन सेल, त्याहून जाडजूड असे लिथियम आयर्न फॉस्फेट म्हणजेच एलएफपी सेल, चपटे लिथियम पॉलिमर पाउच आणि जुन्या लॅपटॉपमधून काढलेले स्वस्त सेल. माझे मत आधीच सांगतो. पॅक घरात एका जागी राहणार असेल, तर नवे एलएफपी सेल घ्यावेत. तो रोज पिशवीतून न्यायचा असेल, तरच १८६५० चा विचार करावा. उरलेले दोन पर्याय पहिल्यांदा पॅक बनवणाऱ्याने बाजूलाच ठेवावेत. नुसत्या पाच व्होल्टच्या यूएसबीवर काम भागत असेल, तर पॅक बनवण्याच्या फंदात न पडता बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) खूण असलेली तयार पॉवर बँक घेणे उत्तम.

एलएफपीला झुकते माप देण्याचे कारण त्याच्या रसायनात आहे. लॅपटॉप आणि मोबाइलच्या सेलमध्ये धन बाजूला कोबाल्ट, निकेल आणि मँगनीज यांपैकी एका किंवा अनेक धातूंचे ऑक्साइड असते. सेल अति तापला, की या ऑक्साइडमधून ऑक्सिजन सुटतो आणि आतल्या ज्वालाग्राही द्रावणाला जळण्यासाठी बाहेरच्या हवेचीही गरज उरत नाही. तापमान स्वतःहून वाढत जाण्याची ही अवस्था कोबाल्ट ऑक्साइडच्या सेलमध्ये सुमारे १५० अंश सेल्सिअसला आणि निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या सेलमध्ये सुमारे २१० अंशांना सुरू होते, तर एलएफपीमध्ये ती साधारण २७० अंशांच्या आसपास येते. फॉस्फेटमध्ये ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असल्यामुळे तो सहजासहजी सुटत नाही. हे आकडे ढोबळ आहेत, सेल किती चार्ज आहे यावर ते खाली-वर होतात, पण त्यांचा क्रम बदलत नाही. मात्र एलएफपीला आग लागतच नाही, असे दुकानात कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये. त्यातले द्रावणही ज्वालाग्राही असते आणि दोन टोके एकमेकांना भिडली, तर तोही सेल भयंकर तापतो आणि ज्वलनशील वायू बाहेर फेकतो. फरक एवढाच, की आपल्या हातून एखादी चूक झाली, तर ती निस्तरायला तो जास्त अवधी देतो, आणि घरगुती कामात हा अवधी फार मोलाचा असतो.

याची किंमत वजनाच्या रूपाने मोजावी लागते. ३२ मिलिमीटर व्यासाचा आणि ७० मिलिमीटर उंचीचा ३२७०० हा एलएफपी सेल ३.२ व्होल्टचा असतो, त्याची क्षमता साधारण ६००० एमएएच (मिलिअँपिअर-तास) असते आणि वजन १४० ग्रॅमच्या आसपास भरते. असे चार सेल एकसर जोडले, की १२.८ व्होल्टचा आणि सुमारे ७७ वॅट-तासांचा पॅक होतो, पण नुसत्या सेलचेच वजन अर्ध्या किलोच्या वर जाते. त्याउलट ३००० एमएएचचे सहा १८६५० सेल, तीन एकसर आणि दोन समांतर असे जोडले, तर सुमारे ६५ वॅट-तास मिळतात आणि सगळे सेल मिळून ३०० ग्रॅमही होत नाहीत. ड्रोन, सायकलचा दिवा किंवा खांद्यावर वागवायचा स्पीकर यांसाठी हा फरक निर्णायक ठरतो, पण टीव्हीच्या कपाटात पडून राहणाऱ्या पॅकच्या बाबतीत त्याला काहीच महत्त्व नाही. आयुष्याच्या बाबतीत पारडे पुन्हा एलएफपीकडे झुकते. मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांवर येईपर्यंत साधा लिथियम-आयन सेल ३०० ते ५०० वेळा पूर्ण चार्ज-डिस्चार्ज होतो, तर चांगला एलएफपी सेल सुमारे २००० वेळा.

बारा व्होल्टच्या उपकरणांशी जुळण्याचा मुद्दा खरेदीच्या वेळी सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. तीन लिथियम-आयन सेलचा पॅक १२.६ व्होल्टपासून सुरू होतो, बराच काळ अकराच्या घरात राहतो आणि रिकामा होता होता दहाच्याही खाली उतरतो. त्यामुळे निम्मा चार्ज शिल्लक असतानाच राउटर बंद-चालू होऊ लागण्याची शक्यता असते. एलएफपी सेल मात्र जवळपास सगळा वेळ ३.२ ते ३.३ व्होल्टच्या दरम्यान स्थिर राहतो, म्हणून चार सेलचा पॅक शेवटच्या टप्प्यापर्यंत तेरा व्होल्टच्या आसपास टिकतो. तो चार्ज होत असताना १४.६ व्होल्टपर्यंत चढतो, त्यामुळे राउटर आणि पॅक यांच्यामध्ये नेमके बारा व्होल्ट देणारे बक-बूस्ट मॉड्यूल बसवलेच पाहिजे. अडॅप्टरवर १२ व्होल्ट, १ अँपिअर लिहिलेला राउटर पूर्ण क्षमतेने चालला आणि मॉड्यूलमध्ये थोडी ऊर्जा वाया गेली, तरी ७७ वॅट-तासांत तो पाच तासांच्या वर चालतो. या स्थिरतेची एक अडचणही आहे. व्होल्ट मोजून चार दिवे पेटवणारा स्वस्त दर्शक एलएफपी पॅकवर निरुपयोगी ठरतो, कारण ८० टक्के आणि ३० टक्के चार्ज यांच्या व्होल्टमध्ये त्याला फरकच कळत नाही.

एलएफपी निवडणाऱ्यांची सर्वांत धोकादायक चूक चार्जरच्या बाबतीत होते, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो. टीपी४०५६ ही चिप असलेले छोटे निळे बोर्ड जवळजवळ प्रत्येक दुकानात मिळते आणि इलेक्ट्रॉनिक्सचा छंद असलेल्यांच्या घरी ते पडलेलेच असते. हे बोर्ड सेलला ४.२ व्होल्टपर्यंत चार्ज करते, आणि ते लिथियम-आयनसाठी बरोबर आहे. एलएफपीची मर्यादा मात्र ३.६५ व्होल्ट आहे. तोच सेल या बोर्डाला जोडला, तर बोर्ड तो भरून गेल्यावरही त्यात प्रवाह ढकलत राहते. त्याच बोर्डावर सहसा असणारे डीडब्ल्यू०१ हे संरक्षक सर्किटही अशा वेळी मदतीला येत नाही, कारण त्याचे तोडण्याचे बिंदू लिथियम-आयनच्या हिशेबाने, ४.३ व्होल्टच्या आसपास ठरवलेले असतात. बीएमएसचेही, म्हणजे पॅकमधल्या प्रत्येक सेलच्या व्होल्टवर लक्ष ठेवून मर्यादा ओलांडताच जोडणी तोडणाऱ्या सर्किटचेही तसेच आहे. तीन लिथियम-आयन सेलचा बीएमएस आणि चार एलएफपी सेलचा बीएमएस वरून पाहता सारखेच दिसतात, आणि ‘बारा व्होल्टचा द्या’ एवढेच म्हटले तर कोणताही हातात पडू शकतो. त्यामुळे तोडण्याचे व्होल्ट प्रत्येक सेलमागे किती आहेत, हे दुकानदाराला विचारून किंवा माहितीपत्रकात पाहून घ्यावे. एलएफपीसाठी हा आकडा ३.६५ ते ३.७५ च्या दरम्यान असला पाहिजे. शिवाय बीएमएस आहे म्हणून चार्जर कसलाही चालेल, असे समजू नये. बीएमएस ही शेवटची आडकाठी आहे, रोजच्या रोज चार्जिंग थांबवण्याचे काम चार्जरचेच आहे. चार एलएफपीसाठी १४.६ व्होल्टचा आणि तीन लिथियम-आयनसाठी १२.६ व्होल्टचा चार्जर लागतो, आणि त्यांची अदलाबदल चालत नाही.

वजनामुळे १८६५० घेणे भागच असेल, तर बनावट मालापासून सावध राहावे लागते. या आकारात चांगल्या कंपन्यांचे सेल साधारण ३५०० एमएएचपर्यंत मिळतात. वेष्टनावर ६८०० किंवा ९९०० छापलेले असेल, तर तो सेल बनावट आहे याबद्दल शंका नको. अस्सल सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो, म्हणून स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ४० ग्रॅमच्याही खाली भरणारा सेल परत करावा. मोठे उत्पादक हे सेल मुळात पॅक बनवणाऱ्या कारखान्यांसाठी तयार करतात, त्यामुळे सुट्या विक्रीत जुन्या सेलवर नवे वेष्टन चढवलेला माल सहज मिसळतो. लिथियम सेलसाठी भारतात आयएस १६०४६ हे मानक असून बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे. खुणेखालचा ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो, आणि दुकानात उभ्या उभ्या हे काम होते. मोठा क्षमतेचा आकडा पाहून भुलू नये, तसेच मोठा प्रवाह देणाऱ्या सेलसाठी विनाकारण जादा पैसेही मोजू नयेत. सॅमसंगचा २५आर हा २५०० एमएएचचा सेल २० अँपिअर देऊ शकतो आणि ३५ई हा ३५०० एमएएचचा सेल ८ अँपिअर. एक-दोन अँपिअर घेणाऱ्या राउटरला किंवा एलईडी पट्टीला दुसराच जास्त उपयोगी आहे.

१८६५० सेलचे धन टोक एकदा नीट निरखून पाहावे. मधली छोटी टोपी धन असते, पण तिच्याभोवतीची कड ही सेलच्या डब्याची, म्हणजे ऋण असते. या दोहोंमध्ये केवळ एक बारीक इन्सुलेटर असतो आणि कडेवर प्लॅस्टिकचे पातळ वेष्टन. टोपीवरून कडेपलीकडे गेलेल्या निकेल पट्टीखाली वेष्टनाला नखाएवढा जरी चरा पडला, तरी थेट शॉर्ट होतो, आणि तो थांबवायला बीएमएसचा काहीही उपयोग नसतो, कारण तो बीएमएसच्या अलीकडेच घडतो. म्हणून प्रत्येक धन टोकावर इन्सुलेटिंग कागदाची चकती आधी चिकटवावी आणि वेष्टन फाटलेला सेल वापरू नये. सेलवर थेट सोल्डरिंग करू नये, कारण ती उष्णता आतल्या पातळ पडद्यापर्यंत आणि सीलपर्यंत पोचते. स्पॉट वेल्डिंग करून घ्यावे किंवा होल्डर वापरावा. ३२७०० आकाराचे काही सेल टोकांना पट्टी आधीच जोडलेली असते असे मिळतात, आणि ज्याच्याकडे स्पॉट वेल्डर नाही त्याच्यासाठी एलएफपी घेण्याचे हे आणखी एक कारण आहे. पट्टी मात्र शुद्ध निकेलचीच असावी. निकेलचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टी आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत एका पावसाळ्यातही गंजू शकते. पट्टीचा तुकडा कानशीने खरवडून रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवला, तर सकाळी तांबूस डाग दिसतो की नाही यावरून खरेखोटे कळते.

पाउच सेलबद्दल फार लिहावे लागत नाही. त्यांना धातूचा डबा नसतो, टोक टोचले किंवा दाब आला तर आतल्या थरांना इजा होते, आणि रिमोटच्या खेळण्यांसाठी विकल्या जाणाऱ्या पाउचमध्ये संरक्षक सर्किटही बहुधा नसते. फुगलेला पाउच टाचणीने हवा काढून वापरणारे लोक मी पाहिले आहेत. ते कोणीही, कधीही करू नये.

लॅपटॉपमधून काढलेल्या सेलचा मोह समजण्यासारखा आहे, कारण ते स्वस्त असतात आणि त्यांतले काही खरोखर चांगले निघतात. अडचण अशी, की वाईट सेल बाहेरून ओळखू येत नाही. लिथियम-आयन सेल बराच काळ दोन व्होल्टच्या खाली पडून राहिला, की आतल्या पट्टीचे तांबे द्रावणात विरघळते, आणि पुढच्या चार्जिंगला ते नको तिथे साचून आतल्या आत शॉर्ट तयार करू शकते. असा सेल सुरुवातीला चार्ज होतो, व्होल्टही नीट दाखवतो, आणि धोका नंतर उद्भवतो. प्रत्येक सेल चार्ज करून, काही आठवडे ठेवून, व्होल्ट किती उतरले ते पाहायची आणि क्षमता मोजायची साधने व सवड असेल, त्यानेच हा मार्ग धरावा.

पॅक कोणताही असो, तो कोठे ठेवायचा हा मुंबईत निवडीइतकाच गंभीर प्रश्न आहे. आपल्याकडे एका दाराच्या खोल्या पुष्कळ आहेत, आणि प्लगपॉइंट दाराजवळ असतो म्हणून चार्जिंगही तिथेच केले जाते. पॅकने पेट घेतला, तर बाहेर पडण्याचा एकमेव रस्ता तिथेच बंद होतो. इमारतीचे जिने चपला-कपाटांनी अडलेले असतात, आणि एका खोलीतला धूर वरच्या मजल्यावरच्या वयस्कर माणसांपर्यंत आधी पोचतो. म्हणून चार्जिंग दारापासून दूर, फरशीवर, गादी-पडद्यांपासून लांब आणि घरात कोणी जागे असतानाच करावे. मखरासाठी पॅक वापरत असाल, तर तो कागद-कापडाच्या आरासीत न लपवता बाहेर ठेवावा आणि वायर आत न्यावी. पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर तो ठेवू नये, कारण ४५ अंशांच्या वर लिथियम सेल चार्ज करणे योग्य नसते. पेटी प्लॅस्टिकची चालते, पण पूर्ण हवाबंद नसावी, कारण वायू सुटलाच तर त्याला वाट हवी. आग लागलीच, तर आधी माणसे बाहेर काढून १०१ ला फोन करावा. पॅक मुख्य विजेपासून सुटा असेल आणि सुरक्षित अंतर राखता येत असेल, तर भरपूर पाणी ओतून तो थंड करणे योग्य असते. निकामी सेल ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे तो वेगळा द्यावा लागतो, आणि देण्यापूर्वी दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावावी.

एलएफपी घ्यायचे ठरले असेल, तर मल्टिमीटर बरोबर घेऊनच दुकानात जावे. चारही सेल एकाच खोक्यातले, ३.२ ते ३.३ व्होल्टच्या दरम्यान आणि एकमेकांच्या अगदी जवळ असावेत. २.५ च्या खाली असलेला सेल घेऊ नये. जोडणी करण्यापूर्वी प्रत्येक सेल ३.६५ व्होल्टच्या चार्जरवर स्वतंत्रपणे पूर्ण भरून घ्यावा. बीएमएसमधली समतोल राखण्याची सोय अगदी कमी प्रवाहावर चालते, त्यामुळे सुरुवातीचा मोठा फरक भरून काढायला तिला दिवसेंदिवस लागतात. पॅक पहिल्यांदा चार्ज करताना शेवटच्या अर्ध्या तासात शेजारी बसून चारही सेलचे व्होल्ट वेगवेगळे मोजावेत. एक सेल ३.६५ वर आणि बाकीचे ३.४ वर दिसले, तरी लगेच सेल खराब आहे असे समजून दुकान गाठण्याची गरज नसते. ३.४ च्या पुढे एलएफपीचे व्होल्ट झपाट्याने चढतात आणि तेवढा फरक थोड्याशा चार्जनेही पडतो, त्यामुळे मागे राहिलेले सेल सुटे भरून पुन्हा मोजावेत. त्यानंतरही तोच सेल प्रत्येक वेळी सर्वांच्या आधी वर चढत असेल आणि डिस्चार्ज करतानाही सर्वांच्या आधी खाली येत असेल, तर त्याची क्षमता कमी आहे आणि तो बदलून घ्यावा.