बारा जणांची ज्यूरी आणि एक नको असलेले पाकीट

घरी बारा माणसे जमवून फौजदारी खटल्याची ज्यूरी, म्हणजे निवाडा देणारे सामान्य नागरिकांचे मंडळ, बसवता येते, अशी एका खेळाची पेटी अलीकडे हाती आली. साक्षींच्या छापील नकला, घटनास्थळाचा नकाशा, पुराव्याची छायाचित्रे, न्यायाधीशांच्या सूचनांची सहा कार्डे, मतपत्रिकांच्या गड्ड्या आणि अगदी तळाशी चिकटवून बंद केलेले एक काळे पाकीट, असा तिचा ऐवज आहे. आम्ही ती दुपारी तीनला उघडली आणि रात्री साडेनऊला मिटली. तिचे नाव मुद्दामच देत नाही, कारण या धर्तीच्या पेट्या बऱ्याच निघाल्या आहेत आणि मला जे म्हणायचे आहे ते त्यांतल्या बहुतेकींना लागू पडेल असे वाटते.

खटला एका गोदामाला लागलेल्या आगीचा आहे आणि आरोपी आहे कामावरून काढून टाकलेला पहारेकरी. त्याने मालकाला ‘बघून घेईन’ म्हटले होते, त्याच्या सदऱ्याला रॉकेलचा वास येत होता आणि आगीच्या रात्री त्याला गोदामाच्या मागच्या दाराशी पाहिल्याचे एक साक्षीदार शपथेवर सांगतो. पहिल्या अर्ध्या तासात प्रकरण निकालात निघाल्यासारखे वाटते. मग कोणीतरी नकाशा नीट पाहतो. मागच्या दारावर प्रकाश टाकणारा खांब चौदा क्रमांकाचा आहे, आणि पुराव्यातल्या दुरुस्तीच्या नोंदवहीत त्याच खांबावरचा दिवा त्या आठवड्यात बंद असल्याचे लिहिलेले आहे. ही नोंद वकिलांपैकी कोणीही उलटतपासणीत काढत नाही, ती ज्यूरीने स्वतः शोधायची असते. (नकाशावरचे आकडे इतके बारीक छापले आहेत की भिंग जवळ असलेले बरे.) पेटी करणाऱ्याची हुशारी या ठिकाणी मान्य करावीच लागते.

त्याहूनही चांगली आहेत ती सूचनांची कार्डे. पहिल्याच कार्डावर न्यायाधीश सांगतात की आरोप सिद्ध करण्याचे ओझे सरकार पक्षावर आहे, आरोपीने काहीही सिद्ध करायचे नाही, आणि वाजवी संशय उरला तर त्याचा फायदा त्यालाच मिळाला पाहिजे. तिसरे कार्ड आम्हाला सर्वांत जड गेले. मालक साक्ष देता देता ‘हा आधी तुरुंगात जाऊन आलेला आहे’ असे बोलून जातो आणि कार्ड म्हणते की हे वाक्य मनातून काढून टाका. आमच्यातल्या एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी चष्मा काढून विचारले, ‘कानात गेलेले आता बाहेर कसे काढायचे?’ याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. खऱ्या न्यायालयांतही ज्यूरीला अशी सूचना नेहमी दिली जाते आणि ज्यूरर, म्हणजे ज्यूरीतले सदस्य, ती पाळतील असे कायदा गृहीत धरतो. ते गृहीतक किती नाजूक आहे हे आम्हाला त्या टेबलाशी बसल्यावर कळले.

पहिल्या मतदानात सात ‘दोषी’ आणि पाच ‘निर्दोष’ अशी विभागणी झाली. चार तासांनी दहा जण ‘निर्दोष’वर आले आणि खटला तिथेच संपला, कारण या पेटीने इंग्लंडचा नियम उचलला आहे. तिथे 1967 पासून, एकमत होत नसल्यास आणि किमान दोन तास चर्चा झालेली असल्यास, बारांपैकी दहा जणांचा निवाडा न्यायाधीश स्वीकारू शकतात. एकाददुसऱ्या ज्यूररला पैसे चारून किंवा धमकावून खटला अडवता येऊ नये, हे त्यामागचे एक कारण होते आणि ते सयुक्तिकही आहे. अमेरिकेने उलटी दिशा धरली: गंभीर गुन्ह्यात दोषी ठरवायचे तर सर्व ज्यूररांचे एकमतच हवे, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये लुइझियानाच्या एका खटल्यात बजावले. दोन्ही नियमांच्या बाजूने पुष्कळ लिहिले गेले आहे, परंतु टेबलावर काय घडते ते मी पाहिले. दहा जमले आहेत हे लक्षात येताच उरलेल्या दोघांचे ऐकून घेण्याची आमची गरजच संपली. त्या दोघांत मुख्याध्यापिकाबाई होत्या. आरोपी म्हणतो त्याप्रमाणे तो वास घरच्या स्टोव्हचा असेल तर तो एकाच बाहीला का, असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न चांगला होता, आणि त्याला उत्तर न देताच आम्ही चहासाठी उठलो.

सोबतच्या पुस्तिकेत इतिहासाची चार पाने आहेत. 1670 साली लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात विल्यम पेन आणि विल्यम मीड या क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथातल्या दोघांवर बेकायदा सभेबद्दल चाललेला खटला त्यांत येतो, आणि तो यायलाच हवा होता. दोषी ठरवा असा न्यायासनाचा आग्रह असताना ज्यूरीने तो मानला नाही, तेव्हा ज्यूररांना अन्नपाण्यावाचून कोंडून ठेवले गेले, पुढे दंड झाला, आणि दंड न भरणाऱ्या एडवर्ड बुशेलने तुरुंगातून दाद मागितल्यावर मुख्य न्यायमूर्ती व्हॉन यांनी ठरवले की निवाड्याबद्दल ज्यूरीला शिक्षा करता येणार नाही. पण पुस्तिका याला ‘ज्यूरीचा विजय’ म्हणून पुढे सरकते आणि त्याची दुसरी बाजू सांगत नाही. शिक्षा नाही, कारणे देण्याचे बंधन नाही, म्हणजे पुरावा धडधडीत समोर असतानाही ज्यूरी आरोपीला सोडू शकते. या अधिकाराने जुलमी कायदे बोथट केले, तसेच आपल्या जातभाईला वाचवण्यासाठीही तो वापरला गेला.

पेटीतली मोठी उणीव मात्र ज्यूरी निवडण्याची आहे. इथे बाराही जण तुमचे मित्र असतात. खऱ्या खटल्यात निम्मी लढाई त्या खुर्च्यांवर कोण बसणार यावरच होते, आणि म्हणूनच केवळ वर्णावरून ज्यूरर वगळता येणार नाही, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला 1986 मध्ये सांगावे लागले. मराठी वाचकाला हे समजावून सांगायला नको. 1908 साली टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात दोषी ठरवणाऱ्या नऊ जणांच्या ज्यूरीत सात युरोपीय आणि दोन पारशी होते आणि निवाडा सात विरुद्ध दोन असा झाला. आपल्याच वर्गातले लोक निवाडा करतात ही ज्यूरीच्या समर्थनातली सर्वांत जुनी बाब तिथे नुसती कागदावर उरली होती. पुढे 1959 मध्ये, पत्नीच्या प्रियकराच्या खुनाचा आरोप असलेल्या नौदल अधिकारी नानावटींच्या खटल्यात आठ विरुद्ध एक मतांनी ज्यूरीने ‘निर्दोष’ म्हटले, सत्र न्यायाधीशांनी ते मत न पटल्याने प्रकरण उच्च न्यायालयाकडे धाडले आणि तिथे जन्मठेप झाली. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला जागाच उरली नाही. या संस्थेचा एवढा गौरव करणाऱ्या पुस्तिकेत एखाद्या देशाने ती का सोडली याचे अवाक्षर नसावे, हे मला खटकले. जाता जाता एक गोष्ट: मराठी पानावर ज्यूररना ‘पंच’ म्हटले आहे. आपल्याकडे पंच म्हटले की पंचनाम्यावर सही करणारा साक्षीदार आठवतो, त्यामुळे ‘ज्यूरर’च राहू दिले असते तर बरे झाले असते.

आता त्या काळ्या पाकिटाविषयी. निवाडा लिहून झाल्यावर ते फोडायचे असते आणि आत ‘खरे काय घडले’ ते असते. आमच्या फोरमनने, म्हणजे ज्यूरीच्या प्रमुखाने, ते उत्साहाने वाचून दाखवले: आग पहारेकऱ्यानेच लावली होती. सहा तासांची सगळी बैठक एका क्षणात विस्कटली. मुख्याध्यापिकाबाई विजयी मुद्रेने पाहू लागल्या, बाकीचे ‘आपण चुकलो’ म्हणून ओशाळले, आणि चौदा नंबरच्या खांबाचा शोध लावणारा मुलगा तर खजील होऊन नकाशाची घडी घालू लागला. वास्तविक आम्ही चुकलो नव्हतो. त्याने आग लावली का, हा आम्हाला विचारलेला प्रश्नच नव्हता. समोर आलेल्या पुराव्याने ते वाजवी संशयापलीकडे सिद्ध झाले का, एवढेच ठरवायचे होते, आणि अंधारात पटवलेली ओळख पाकीट फोडल्यावरही तेवढीच कच्ची राहते. पहिले कार्ड ज्या काळजीने हे शिकवते, ते शेवटचे पाकीट पुसून टाकते आणि ज्यूरीला हेरकथेच्या वाचकाच्या जागी नेऊन बसवते. कोणत्याही खऱ्या ज्यूररला असे पाकीट कधी मिळत नाही. इंग्लंडमध्ये तर बंद खोलीतली चर्चा बाहेर सांगणे हाही गुन्हा आहे, म्हणजे आपण बरोबर होतो की चूक हे कोणाशी बोलून पाहण्याचीही त्याला सोय नसते.

तरीही पेटी घ्यावी असे मी म्हणेन. बाराच माणसे बोलवा. आठांत चर्चा लवकर एका बाजूला कलते, हे आम्ही दुसऱ्यांदा बसलो तेव्हा दिसले. दहांच्या बहुमताचा नियम बाजूला ठेवून एकमताचा धरा, वेळ जास्त लागेल पण बाहीच्या प्रश्नाला उत्तर द्यावे लागेल. आमची पेटी आता दुसऱ्या एका गटाकडे गेली आहे. काळे पाकीट मी आधीच काढून घेतले असून ते मागू नये, असे झाकणाच्या आतल्या बाजूला पेनने लिहून ठेवले आहे.