शुश्रूषा केंद्र पारखताना: वेळ घेऊन जावं की न सांगता?

अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी केंद्र बघायचं म्हटलं की घरात यावर दुमत होतंच. चकचकीत स्वागतकक्ष आणि माहितीपत्रक मोजू नका.

कागदोपत्री माहितीसाठी वेळ घेऊन गेलेलं बरं. मुख्य परिचारिका भेटते. रात्रपाळीत किती रुग्णांमागे किती माणसं, ते विचारा. दिवसाचा आकडा सगळेच हौसेने सांगतात. महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के वजन घटलं तर काय करता, हेही विचारा.

प्रत्यक्ष काळजी मात्र न सांगता गेल्यावरच दिसते. रविवारी किंवा रात्रीच्या जेवणाच्या वेळी जा. बेल वाजल्यावर माणूस किती मिनिटांत येतो? बसून भरवतात की उभ्या उभ्या घास कोंबतात? पाण्याचा पेला हाताशी आहे की खिडकीत? कूस बदलायचा तक्ता साधारण दर दोन तासांचा असतो. तीन वाजता गेलात आणि पाचची सही आधीच ठोकलेली दिसली, तर तो तक्ता निव्वळ शोभेचा.

आपलं माणूस तिथेच असेल तर टाचा आणि माकडहाड बघा. लाली बोटाने दाबून फिकी होत नसेल तर ती दाबव्रणाची, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमेची (बेडसोर), सुरुवात. सावळ्या त्वचेवर लाली कळत नाही, तिथे गरम किंवा कडक लागतंय का ते चाचपा.

न सांगता जाण्यात खेपा वाढतात, कधी दारातूनच परत यावं लागतं.

चार-पाच केंद्रांतून दोन निवडायची असतील तर वेळ घेऊन जा. त्या दोनांतलं एक ठरवायला, किंवा आधीच ठेवलेल्या माणसासाठी, न सांगताच.