प्रोसेस मॉनिटर: काही महिने वापरल्यावर, आणि त्या एका सेटिंगबद्दल

बिलिंग सॉफ्टवेअर दुपारी अडकायचं, एंट्री सेव्ह होत नव्हती, आणि त्यांच्या सपोर्टवाल्याचं एकच, "सर, पीसी जुना झालाय, नवीन घ्या." आठ जीबी रॅमचं व्यवस्थित चालणारं मशीन, त्याच्या एका वाक्यावर मी हजारो रुपये का घालू? म्हणून प्रोसेस मॉनिटर चालू केलं, म्हणजे विंडोजवर कुठला प्रोग्राम काय करतोय ते नोंदवणारं मायक्रोसॉफ्टचं टूल. फुकट आहे, इन्स्टॉलही करावं लागत नाही, फक्त अ‍ॅडमिन राइट्स लागतात. २००६ पासूनचं टूल आहे, फाइलमॉन आणि रेगमॉन ही आधीची दोन टूल्स एकत्र करून बनवलेलं, आणि अजूनही कुठली फाइल कोणी उघडली, वाचली, लिहिली, पुसली हे इतकं स्पष्ट दाखवणारं दुसरं काही मला मिळालं नाही.

पण ते फिल्टरचं, म्हणजे यादीत काय दिसावं ते ठरवणाऱ्या सेटिंगचं, सांगायलाच हवं. कंट्रोल+एल दाबून फक्त बिलिंगची एक्सई (प्रोग्रामची फाइल) ठेवली, यादी छोटी झाली, म्हणून चालू ठेवून कामाला लागलो तर तासाभरात अख्खं मशीन रडायला लागलं, कारण फिल्टर नुसतं लपवतं, रेकॉर्डिंग सगळ्याचंच चालू राहतं आणि ते डिफॉल्टने व्हर्च्युअल मेमरीत (रॅम आणि तिच्या जोडीला डिस्कवरची पेजफाइल) जातं. फिल्टर मेनूत 'ड्रॉप फिल्टर्ड इव्हेंट्स' आहे, ते लपवलेल्या ओळी रेकॉर्डच करत नाही, पण ते मुळात बंद असतं! मला हे भयंकर खटकलं, लगेच चालू करून टाकलं आणि पुढचे काही आठवडे ज्याला त्याला तेच सांगत होतो.

आता मत बदललंय, निदान अर्धं. नंतर एकदा ते ड्रॉपचं सेटिंग बंद असतानाच दुपारची गडबड झाली, रिझल्टच्या कॉलममधे शेअरिंग व्हायोलेशन दिसलं, म्हणजे फाइल दुसऱ्याच प्रोग्रामने अडवून ठेवलेली. त्या ओळीत फक्त कोणाला फाइल मिळाली नाही ते कळतं, कोणी धरून ठेवलीय ते नाही. प्रोसेसचा फिल्टर काढून त्या फाइलचा पाथ टाकला, आणि वरच बॅकअपवाला प्रोग्राम, डिटेलमधे 'शेअरमोड: रीड', म्हणजे मी वाचतोय तोवर दुसऱ्या कोणी लिहायचं नाही. ड्रॉप चालू असतं तर ही ओळ रेकॉर्डच झाली नसती. बॅकअप रात्री अकराला लावला, त्रास संपला, पीसी तोच आहे.

तरी माझं म्हणणं कायम आहे की मेमरी भरत चाललीय हे टूलने ठळक सांगायला पाहिजे. तोवर फाइल मेनूतल्या बॅकिंग फाइल्समधे जाऊन रेकॉर्डिंगला जागा डी ड्राइव्हवर द्या, हे पहिलं काम. नेम नॉट फाउंडच्या (फाइल सापडली नाही) रांगा बघून घाबरू नका, प्रोग्राम एकच डीएलएल (त्यांना लागणारी कोडची फाइल) चार फोल्डरमधे शोधत असतात. आणि फाइल रेकॉर्डिंगच्या आधीच कोणी उघडून बसलं असेल तर इथे सापडणार नाही, त्यासाठी प्रोसेस एक्सप्लोरर या दुसऱ्या टूलमधला हँडल सर्च, म्हणजे उघडी फाइल कोणाकडे आहे ते शोधणं.

सपोर्टला लॉग पाठवायचा असेल तर पीएमएल (प्रोसेस मॉनिटरची लॉग फाइल) सेव्ह करताना 'ऑल इव्हेंट्स' अजिबात निवडू नका. त्यात तुमच्या क्लायंटच्या नावाच्या फाइल्स, युजरनेम, कमांड लाइन सगळं जातं. चालू फिल्टरमधे दिसतंय तेवढंच सेव्ह करायचा पर्याय त्याच खिडकीत आहे, तो घ्या.