आईसाठी बांगडा की माशाच्या तेलाची कॅप्सूल?

आई सत्तरीच्या पुढे गेली आणि विसरायला लागली. गॅसवरचं दूध, देवघरातली किल्ली. स्मरणशक्तीसाठी म्हणून पुण्याहून भावाने ओमेगा-३ (माशाच्या तेलातला स्निग्ध घटक) कॅप्सूलचा डबा पाठवला. मी म्हणत होतो, वेंगुर्ल्यात दारात मासळीची पाटीवाली येते, तर डबा कशाला? शेवटी दोन्ही करून पाहिलं.

कॅप्सूलची सोय मी नाकारत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी, मागोमाग आमचा श्रावण. तेव्हा ताजा बांगडा नसतो. सुका असतो, पण मिठात मुरलेला, आणि आईला रक्तदाब. काट्यांची भीतीही कॅप्सूलला नाही. मासळीचा ढेकर येतो, तो सहन होतो.

मला नडलं ते वेगळंच. "घेतलंय रे मगाशी," असं आई म्हणायची आणि गोळी ताटाच्या कडेला तशीच असायची. कधी दोनदा घ्यायची. मी रोज रात्री डबा ओतून कॅप्सूल मोजायला लागलो. एकदा तिने पाहिलं आणि म्हणाली, "माका खुळी समजतंस काय?" ते मला फार लागलं. जिची आठवणच डळमळतेय, तिच्यावर आणखी एक गोष्ट आठवणीत ठेवायचं ओझं मीच टाकत होतो.

बांगडा आठवावा लागत नाही, तो पानात येतो. तिखल्यात, म्हणजे माशाच्या तिखट कालवणात, तिरफळं किती, हे आई अजून अचूक सांगते. मासळीच्या वाट्याचा भाव करताना तर ती अगदी पूर्वीचीच असते. आठवड्यातून दोनदा, शक्यतो तिखलं, तळलेला कमी. वर्षभरात ती जरा सावरलीय असं मला वाटतं, पण हा माझ्या डोळ्यांचा अंदाज.

अभ्यासांचा कलही साधारण तिकडेच दिसतो. शिकागोतल्या, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ६५ वर्षांवरचे ८१५ जण होते; आठवड्यातून एकदा तरी मासे खाणाऱ्यांत अल्झायमरचा धोका क्वचितच किंवा कधीच न खाणाऱ्यांपेक्षा सुमारे ६० टक्के कमी आढळला. अर्थात, मासे खाणाऱ्यांच्या इतर सवयीही चांगल्या असू शकतात. उलट अमेरिकेतच साडेतीन हजार वृद्धांच्या चाचणीत काहींना पाच वर्षं ओमेगा-३च्या गोळ्या देऊन पाहिलं, २०१५ साली निष्कर्ष आला: स्मरणशक्तीत लक्षणीय फरक नाही.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर कॅप्सूलआधी डॉक्टरांना विचारा. विसरणं वाढत असेल तर बी-१२ जीवनसत्त्व आणि थायरॉइडही तपासून घ्या, ते आधी.

आमचा डबा अजून आहे. बंदीच्या दिवसांत जेवण झालं की मीच एक कॅप्सूल काढून आईच्या हातावर ठेवतो.