शब्द आले, तंबोऱ्याला वेळ लागला: कॉक्लिअर इम्प्लांट जवळपास वर्षभर वापरून

ऐन श्रावणात केबल गेली म्हणून हे आज लिहितोय, नाहीतर वर्ष पूर्ण झाल्यावर लिहिणार होतो. इम्प्लांट म्हणजे थोडक्यात असं: बाहेर कानामागचा प्रोसेसर आवाज टिपतो, आणि ऑपरेशनने कानात आत बसवलेली इलेक्ट्रोडची तार तो विजेच्या ठोक्यांनी नसेपर्यंत पोचवते.

कानामागच्या प्रोसेसरपासून डोक्यावरच्या चुंबकाच्या कॉइलपर्यंत जाणारी वायर म्हणजे ही केबल. जेमतेम चार बोटं लांब. तिच्यातूनच आवाजाची माहिती जाते आणि आतल्या भागाला लागणारी वीजही. ती तुटली की लाखो रुपयांचं सगळं ठप्प. आधी मान डावीकडे वळवली की आवाज जायचा, मग खरखर, मग काहीच नाही. विक्रेत्याचं म्हणणं, प्रोसेसर सगळाच पाठवा, तपासून कळवू. फोनवर मुलगी बोलली, कारण मला फोनवरचं काहीच कळत नव्हतं. "अहो, बाबांना नुसती केबल पाठवा, आम्ही लावून बघतो." पलीकडून एकच उत्तर, "नियमात बसत नाही मॅडम." तिने हे मला कागदावर लिहून दाखवलं तेव्हा संताप झाला. बहिऱ्या माणसाचा बोलणं समजणारा एकमेव कान काढून कुरिअरने पाठवायचा आणि परत येईपर्यंत घरात बसून राहायचं, हा कसला नियम? शेवटी आमच्या ऑडिओलॉजिस्टबाईंनी (कान तपासून यंत्र जुळवून देणाऱ्या) त्यांच्याकडची तपासणीची केबल लावली आणि मिनिटात आवाज सुरू झाला. प्रोसेसरला काहीही झालेलं नव्हतं.

नवी केबल पदरचे पैसे घालून घेतली. आतल्या भागाला सहसा 10 वर्षांची हमी असते, प्रोसेसरला 3 ते 5 वर्षांची, आणि रोज वाकणाऱ्या, घाम पिणाऱ्या केबलला सगळ्यांत कमी. जी वस्तू हमखास तुटणार तिचीच हमी तोकडी. ऑपरेशनआधी माहितीपत्रकाचं गुळगुळीत पान बाजूला ठेवा आणि तीन गोष्टी लेखी मागा: केबलचा आजचा भाव, कॉइलचा भाव, आणि दुरुस्तीच्या काळात बदली प्रोसेसर मिळणार की नाही. एक केबल घरात जादा ठेवाच. रात्री सगळं सुकवणीच्या डबीत टाकायचं, पावसाळ्यात तर विसरायचंच नाही. हेल्मेट घालताना-काढताना कॉइल सरकते आणि केबलला हिसका बसतो, तिथेही जपा. बॅटरीबद्दल माझी तक्रार नाही.

आता आवाजाबद्दल. माहितीपत्रकावर 'नैसर्गिक श्रवण' असं लिहिलेलं होतं. शब्दांपुरतं बोलायचं तर मी समाधानी आहे. स्विच-ऑनच्या, म्हणजे यंत्र पहिल्यांदा चालू केलं त्या दिवशी सगळे चिरक्या, यांत्रिक आवाजात बोलत होते. त्याला कारण आहे. आपल्या कानातल्या शंखात तोंडाशी उंच स्वर आणि आत टोकाशी खालचे स्वर ओळखले जातात. इलेक्ट्रोडची तार बहुधा पार टोकापर्यंत पोचत नाही, म्हणून खालचे आवाज उंच स्वरांच्या जागी वाजतात. मेंदू हळूहळू जुळवून घेतो. काही महिन्यांत बायकोचा आवाज पुन्हा तिचा वाटायला लागला, आणि आता फोनवरही निम्म्याहून अधिक कळतं. मॅपिंगच्या, म्हणजे प्रोसेसर आपल्या कानाला जुळवून घेण्याच्या फेऱ्या चुकवू नका, हे त्याचंच फळ आहे.

पण मी मिरजेत वाढलोय. घोडीवर सूत सरकवत तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा झणकार, लावणारे कारागीर बघत लहानाचा मोठा झालो, उरसात दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणारी गाणी रात्ररात्र ऐकली. माझ्यासाठी कसोटी तंबोराच. आणि तंबोरा म्हणजे नुसती करकर येत होती. तबला मात्र पहिल्या आठवड्यापासून लख्ख! झपताल की तीनताल, लगेच सांगायचो. बायाँची, म्हणजे डग्ग्याची, घुमत सरकणारी मींड मात्र गायब.

ऑडिओलॉजिस्टबाईंना खोदून खोदून विचारलं. निरोगी कानात आवाज टिपणाऱ्या सुमारे 15 हजार केसपेशी असतात, त्यांच्या जागी इथे कंपनीनुसार 12 ते 22 इलेक्ट्रोड. त्यातही वीज आतल्या द्रवात पसरते, त्यामुळे पेटीवर बोटाऐवजी तळवा टेकवल्यासारखं होतं, शेजारचेही स्वर वाजतात. शिवाय स्वरांच्या प्रत्येक पट्ट्यात आवाज किती जोरात, हा चढउतार तेवढा प्रोसेसर पाठवतो, लहरीची आतली बारीक वीण बहुतेक गाळतो. बोलणं समजायला चढउतार पुरतो. 1991 मध्ये संशोधक ब्लेक विल्सन यांच्या गटाने इलेक्ट्रोडना एकाच वेळी न चेतवता आळीपाळीने ठोके देण्याची पद्धत मांडली आणि बोलणं समजण्यात मोठी झेप आली. आजचे प्रोसेसर बरेचसे त्याच पायावर उभे आहेत. पण स्वराची उंची राहते त्या गाळलेल्या विणीत. पेटीच्या काळी एकचा षड्ज साधारण 139 हर्ट्झ (सेकंदाला तेवढी कंपनं), तंबोऱ्याची सगळ्यांत खालची खर्जाची तार 69च्या आसपास, आणि बऱ्याच प्रोसेसरची ऐकण्याची सुरुवातच 100 ते 200 हर्ट्झच्या दरम्यान कुठेतरी होते. म्हणजे खर्जाचा मूळ स्वर दारातच अडतो. यात माझ्या यंत्राचा दोष नाही, सगळ्याच यंत्रांची ही मर्यादा आहे.

उन्हाळ्यापर्यंत माझं मत ठाम होतं: बोलण्यासाठी घ्या, गाण्याची आशा सोडा. ते मत मी आता बदललं आहे.

सुरुवातीचे काही महिने दुसऱ्या कानाचं जुनं हिअरिंग एड काढून ठेवायला सांगितलं होतं, इम्प्लांटच्या कानाला सराव व्हावा म्हणून. त्या कानात उंच आवाज शून्य, पण खालचे, चारपाचशे हर्ट्झपर्यंतचे, थोडे शिल्लक आहेत. बाईंनी ते पुन्हा लावायला सांगितलं आणि दोन्हींचा आवाज एकमेकांशी जुळवून दिला. त्या संध्याकाळी तंबोरा लावला. खर्ज आला! खरा, खाली बसणारा खर्ज, डाव्या कानातून, आणि वरची जवारी उजव्या कानातून तुटक तुटक. जवारी अजून पूर्ण नाही. पण षड्ज-पंचम वेगळे कळतात, बंदिश कुठे समेवर येते ते कळतंच, आणि ओळखीच्या रागाची चाल पाठीमागून धरता येते. अनोळखी गायकाची तान अजूनही गुंता आहे. संतूर, सतार थोडं बरं, व्हायोलिन ऐकवत नाही.

हे सांगतोय कारण इम्प्लांट झाल्यावर बरेच लोक जुनं हिअरिंग एड कपाटात टाकतात किंवा कुणाला देऊन टाकतात. दुसऱ्या कानात थोडंही ऐकू येत असेल तर असं करू नका, आधी ऑडिओलॉजिस्टला विचारा. माझं ते यंत्र जुनं आहे, किंमत इम्प्लांटच्या मानाने किरकोळ, आणि वर्षभरातला सगळ्यांत मोठा आनंद त्यानेच दिला.

विक्रेत्याकडून आता दुसऱ्या कानाच्या ऑपरेशनची विचारणा होते आहे, सवलतीसकट. दोन्हीकडे इम्प्लांट झालं की आवाजाची दिशा जास्त चांगली कळते, गर्दीतलं बोलणंही सोपं होतं, हे मान्य. पण इलेक्ट्रोड आत सरकवताना उरलेलं ऐकणं जाऊ शकतं, आणि माझा खर्ज त्या उरलेल्या ऐकण्यातच आहे. मी नाही म्हणून कळवलं आहे. दर सहा महिन्यांनी त्या कानाचा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याचा आलेख, काढायचा, 250 आणि 500 हर्ट्झचं ऐकणं घसरलं तरच पुन्हा विचार करायचा, असं बाईंशी ठरलं आहे.